निळ्या काठाचं बी

उत्तरा नक्षत्र सरत आलं होतं आणि पावसानं जरा उघडीप दिली होती. नगरच्या कॅम्पात सकाळचं धुकं किल्ल्याच्या खंदकाकडून यायचं, बंगल्यांच्या कौलांवर घटकाभर बसायचं आणि ऊन वर आलं की गुमान निघून जायचं. गवत ओलं, लिंबाचा पाला ओला, वाटेवरच्या मुरमात पाय दाबला की पाणी. अशा सकाळी गनीभाई माळी बंगल्याच्या मागं उकिडवा बसून माती चाळत होता. रमजानचे दिवस. पहाटे सहेरीला खाल्लेली भाकरी केव्हाच जिरली होती, ओठ कोरडे पडले होते, पण हात चालू होता.

माती अशीतशी नव्हती. वर्षभर खड्ड्यात कुजवलेला पाला, सीना नदीची रेती, जुनं शेणखत. आधी तारेच्या चाळणीतून काढायची, मग पिठाच्या चाळणीतून. त्याची बायको मेहताब होती तेव्हा या कामावरून त्याला हमखास टोमणा बसायचा. "माझ्या पिठाला कधी हात लावला न्हाई, आन् मातीचे लाड बगा." मेहताबला जाऊन दोन वर्षं झाली होती. टोमणा मारायला कोणी नसल्यामुळं चाळणं आता लवकर उरकायचं, आणि तेच त्याला आवडत नव्हतं.

ही सगळी तयारी लोबेलियासाठी. नाव मेमसाहेबांचं, माळ्यांच्या तोंडात ते 'लोबेली' झालेलं. वीतभर झुडूप, सुतासारखे देठ, करंगळीच्या नखाएवढं फूल. एकट्या फुलाकडं कुणी ढुंकून बघणार नाही. पण वाफ्याच्या कडेनं रांगेत लावलं आणि थंडी पडली, की धोब्यानं टाकीत नीळ सोडावी तसा वाफ्याला निळा काठ उठायचा. सारा कॅम्प या बंगल्याला निळ्या काठाचा बंगला म्हणायचा. नाताळात दुसऱ्या बंगल्यांतल्या मेमसाहेब नुसता तो काठ बघायला टांग्यातून उतरायच्या.

बी मात्र जीव खाणारं. बी कसलं, तपकीरच. चिमटीत धरलं तर बोटांच्या रेषांत शिरून बसायचं, आणि पेरताना शिंक आली तर सगळी बाग वाऱ्यावर. बाकीच्या बियांसारखी ह्याच्यावर माती ओढायची नाही. ह्याला उगवायला उजेड लागतो. पसरट कुंडीत माती फळीनं दाबून आरशासारखी करायची, वर बी भुरभुरायचं आणि उघडंच ठेवायचं. वरून पाण्याचा थेंब नाही. कुंडी पाण्याच्या घमेल्यात ठेवायची, म्हणजे खालच्या भोकातून माती आपली आपण पिते. मग एक दिवस मातीवर शेवाळ आल्यासारखं हिरवं दिसतं. नवा माणूस शेवाळ समजून खरवडून टाकील, अशी रोपं.

लढाई सुरू झाल्यापासून विलायतेहून बी यायचं बंद झालं. जहाजं बुडत होती, तिथं फुलाबिलाचं बी कोण आणतो. पलीकडचा एक सोडला तर बाकीच्या बंगल्यांतले निळे काठ एकेक करून गेले. गनीभाईचा राहिला, तो मेहताबमुळं. फाल्गुनात बोंडं तांबूस झाली की ती रोज वाफ्यापाशी बसायची, पदर खाली धरून बोंडं बोटानं टिचकायची. मग गोवरीची राख फडक्यातून गाळून त्यात ते बी मिसळायचं आणि बोळक्यात भरून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवायचं. राखेमुळं कीड लागायची नाही, चुलीच्या उबेनं पावसाळ्यात सादळायचं नाही, आणि पेरायच्या वेळी राखेबरोबर बी सगळीकडं सारखं पडायचं. तिच्या माहेरी, अकोले तालुक्यातल्या डोंगरात, घेवड्याचं बी असंच ठेवत.

आणखी एक रीत तिनं माहेराहून आणली होती. बी कधी एकाच घरात ठेवायचं नाही. निम्मं आपल्याकडं, निम्मं दुसऱ्या चुलीशी. इथं आग लागली, उंदीर शिरला, तर तिथलं राहतं. तिची दुसरी चूल म्हणजे छबूबाईची. छबूबाईचा नवरा बन्सी पलीकडच्या बंगल्यावर माळी होता. दोडक्याचं बी, कारल्याचं बी, तसंच लोबेलीचंही निम्मं बी मेहताब पदराखाली झाकून छबूबाईकडं पोचवायची. गनीभाईला हे ठाऊक होतं. पण एका वर्षी कॅम्पातल्या फुलांच्या प्रदर्शनात बन्सीच्या काठाला पहिलं बक्षीस मिळालं, गनीभाईच्या काठाला दुसरं, आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं. "माझंच बी, आन् माझ्याच डोक्यावर मिरं वाटतोय," असं तो मेहताबला म्हणाला. मेहताब म्हणाली, "बी कुनाचं बी असंना, फुललं ना?" त्यावर त्यानं कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलणं टाकलं. पुढच्याच पावसाळ्यात ती तापानं गेली. ते अबोल दिवस त्याला परत मिळाले नाहीत.

माती झाली. कुंड्या भरून, फळीनं दाबून झाल्या. हात धुऊन गनीभाई नोकरांच्या चाळीतल्या आपल्या खोलीकडं निघाला.

खोलीपुढं त्याची सून फरीदा भांडी उन्हात मांडत होती. मुलगा दाऊद लष्कराच्या कारखान्यात कामाला. गेल्याच हिवाळ्यात त्याचं लग्न झालं होतं. पोरगी सोनईची, कामाला वाघ. ईद तोंडावर आलेली, कल्हईवाला येऊन गेलेला. देगची, ताटं, तांबे असे चकाकत होते की बघवेना.

"अब्बा, बगा तरी," फरीदा म्हणाली. "तोंड दिसतंय का न्हाई?"

गनीभाईनं बघितलं. भांड्यांच्या शेवटाला एक मातीचं बोळकं पालथं घातलेलं होतं. धुतलेलं, ओलं.

"हे कुठलं?"

"कोनाड्यातलं. चुलीतल्या राखंत खडे असतात, नव्या कल्हईवर चरे पडतात. ही कशी मैद्यावानी हुती. अम्मांनी गाळून ठिवली असंल म्हनलं."

गनीभाईनं बोळकं उचललं. आत बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"सगळी घेतली?"

"हां. मोठ्या देगचीला लई लागली." मग त्याचा चेहरा बघून तिचा आवाज उतरला. "अब्बा, काय हुतं त्यात?"

"बी हुतं."

"राख हुती की."

"राखंत बी हुतं."

तिनं हातातलं ताट खाली ठेवलं. मग हळूच म्हणाली, "कुनी सांगितलंच न्हाई मला."

हे खरं होतं. गनीभाईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मेहताब गेल्यावर तो दुसऱ्या चुलीची रीत विसरला नव्हता. त्यानं ती मुद्दाम मोडली होती. घरात बोललं तर फरीदा नळावर बोलेल, नळावरून बंगल्या-बंगल्यांत जाईल, आणि मग जो तो पुडी मागायला येईल, अशी त्याला धास्ती. दाऊदलासुद्धा तो 'औषध हाय' म्हणाला होता.

त्यानं मोरी बघितली. पाणी वाहून रस्त्याकडच्या गटाराला लागलं होतं, आणि गटार रात्रीच्या सरीनं धो धो चाललं होतं. तरी त्यानं मोरीच्या तोंडाचा गाळ ओंजळीत घेतला, नाकाशी धरला, चिंचेचा आंबूस वास आला, आणि तो परत टाकून दिला.

"मी जाऊन मेमसाबला सांगते," फरीदा म्हणाली. "माझ्याच हातून झालं."

"तू बस. तुझं काय न्हाई त्यात."

दिवसभर तो नुसता हिंडला. गवत कापायचं तिथं कापलं नाही, कापायचं नव्हतं तिथं कापलं. साऱ्या मुलखात ते बी आता आणखी कुठं असेल, तर एकाच ठिकाणी: बन्सीकडं. आणि बन्सीकडं जायचं म्हटलं की तो परत गवताकडं वळायचा.

कारण मागच्या वर्षीची गोष्ट. वळवाच्या पावसात बन्सीच्या खोलीचं छप्पर गळलं आणि त्याचं ताजं बी भिजून कुजलं. पेरणीच्या दिवसांत तो गनीभाईकडं आला. मेहताबच्या मैतीत खांदा देऊन गेलेला माणूस, छबूबाईनं त्या दिवसांत घरात भाकरी पोचवलेली. दारात उभा राहून म्हणाला, "गनीभाई, चिमूटभर द्या. पुढल्या साली दुप्पट देतो." गनीभाईला प्रदर्शनातलं बन्सीच्या पहिल्या बक्षिसाचं कार्ड डोळ्यापुढं दिसलं. नाही म्हणायला जीभ रेटेना आणि द्यायला हात होईना. तो आत गेला, चुलीतली राख फडक्यातून गाळली, पुडी बांधली आणि बाहेर येऊन बन्सीच्या हातात ठेवली. राखेत बी आहे की नाही, हे डोळ्यांनी कुणाला कळतं. बन्सीनं पुडी कपाळाला लावली आणि मुंडाशात खोचली.

त्या हिवाळ्यात बन्सीच्या कुंड्यांत काही आलं नाही. त्याच्या साहेबाची बदली झाली, बंगल्यात सोल्जर राहायला आले, बागेत लॉऱ्या उभ्या राहिल्या, आणि बन्सी बायकोला घेऊन सुप्याजवळच्या आपल्या गावाला निघून गेला. जाताना निरोप घ्यायला आला होता. गनीभाईनं घरातून 'विहिरीवर गेलेत' असं सांगायला लावलं.

दुसऱ्या दिवशी गनीभाई पुण्याच्या रस्त्याची सर्व्हिस मोटार धरून सुप्याला गेला. पेट्रोल नाही म्हणून मोटार कोळशावर चाललेली. मागं शेगडी धुमसत होती. कामरगावच्या चढाला ती धापा टाकून थांबली. डायवर म्हणाला, "उतरा पाव्हनं, हितनं मोटार तुमच्यात बसून येनार." सगळ्यांनी ढकलली. गनीभाईनंही खांदा लावला. जिभेला चिकटलेली थुंकी गिळता येईना.

बन्सी घराच्या ओट्यावर घायपाताच्या वाखाचा दोर वळत होता. गनीभाईला बघून तो उठला, आणि त्याचं तोंड खरोखर उजळलं.

"अगं ए, कोन आलंय बघ. कॅम्प चालत आला."

छबूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली, मग थबकली. "रोजा आसंल तुमचा. बरी मी, पानी घेऊन आले. पितरपाठात उपाशी मानूस दारात, आन् काय देता येईना. म्हेताबभाबी असती तर मला हसली असती." ती तांब्या घेऊन तिथंच बसली. "सून कशी हाय? भांडती का?"

"न्हाई वैनी. लई गुनाची हाय."

"मग तुमीच भांडत असाल."

बन्सी हसला. हात दोरावर चालूच होते. गनीभाईनं इकडचं तिकडचं विचारलं, ज्वारीचं विचारलं, आणि शेवटी म्हणाला, "बन्सी, लोबेलीचं बी हाय का रं तुझ्याकडं? जुनं, कसलं का असंना. माझं समदं गेलं."

"कसं गेलं?"

"सुनंनं भांडी घासली. राख म्हनून."

छबूबाईनं तोंडाला पदर लावला. हसू आलं होतं, पण गनीभाईच्या तोंडाकडं बघून तिनं ते आवरलं.

"हुतं की," बन्सी म्हणाला. "भाबीच्या हातचंच हुतं. ती गेली त्याच्या आदल्या उन्हाळ्यातलं. जरासंच, पन हुतं. ताजं कुजलं तवा तेवढंच ऱ्हायलं घरात. म्हनलं जुनं पेरून वाया घालवायचं, त्यापरीस गनीभाईकडनं ताजं आनावं, आन् हे वक्ताला ठिवावं. म्हनून तर आलो हुतो तुमच्याकडं."

गनीभाई पुढं सरकला. "मग कुठं हाय ते?"

"टाकून दिलं."

"टाकून?"

"तुमच्या हातचं ताजं बी उगवलं न्हाई, तर जुनं काय कपाळ उगवनार? हिनं म्हनलं ठिवा, पन मीच वाऱ्यावर सोडलं." बन्सीनं दोराला नवा पेड जोडला. "खरं सांगू का, बी गेलं त्याचं येवढं वाटलं न्हाई. माझाच हात गेला आसं वाटलं. इतकी सालं पेरतोय, आन् एक कोंब न्हाई. इस्पितळामागच्या बंगल्यावरच्या मेमसाबनं बोलावलं हुतं मला. पगार बी बरा हुता. गेलो न्हाई. म्हनलं तिथं बी आसंच झालं तर?"

"घरात बसून कुंडीकडं बघत ऱ्हायचे," छबूबाई म्हणाली. "जेवायला उठत न्हवते. मी म्हनायची, अहो, गनीभाईनं भाबी गेल्यावर बी आठवनीनं पुडी दिली, तेवढं तरी बगा. बी काय, ह्या साली न्हाई तर म्होरल्या साली."

गनीभाई ओट्यावरच्या सारवणाकडं बघत बसला. उठून जाता आलं असतं. मोटारीची वेळ झाली म्हटलं असतं तर कुणी अडवलं नसतं, आणि ते दोघं जन्मभर त्याचं नाव चांगलंच घेत राहिले असते.

"त्या पुडीत बी न्हवतं, बन्सी."

दोराचा पीळ थांबला.

"नुसती राख हुती. मीच गाळली, मीच बांधली."

परसात कोंबडी माती उकरत होती, तिचाच काय तो आवाज. मग बन्सीनं विचारलं, अगदी हळू, कामातलं काही विचारावं तसं, "म्हंजे मातीत काय चुकलं न्हवतं?"

"न्हाई."

"पानी मी खालूनच पाजत हुतो."

"बराबर पाजत हुतास."

"उजेड?"

"समदं बराबर हुतं, बन्सी. तुजा हात बराबर हुता."

बन्सीनं आपले हात उलटेपालटे करून बघितले. वाखानं बोटं कातरली होती, पेरांत हिरवा रस वाळला होता. त्यानं ते गुडघ्यावर ठेवले आणि परत काही उचललं नाही.

छबूबाई म्हणाली, "मी रोज सकाळी त्या कुंडीला हात जोडत हुते. राखंला." तिच्या आवाजात राग होता की काय होतं ते गनीभाईला कळलं नाही. "भाबीला कळलं असतं, तर तुमचं काय केलं असतं तिनं?"

"काय करायचं ते तिच्या हातानं झालं असतं तर बरं हुतं, वैनी."

थोड्या वेळानं गनीभाई म्हणाला, "कॅम्पात चल. मी मेमसाबशी बोलतो. दोगं मिळून करू. तुला मी हाताखाली न्हाई धरनार, बरुबरीनं."

"आता कुठं," बन्सी म्हणाला. "पाटलाच्या मळ्यावर राखनीला ऱ्हायलोय. बैलं वळखायला लागलीत मला." मग जरा थांबून, "तुमी निघा. शेवटची मोटार जाईल."

पूर्वी बन्सी पाहुण्याला शिवेपर्यंत सोडायला यायचा. आज तो ओट्यावरून उठला नाही. गनीभाई वाटेला लागला तेव्हा मागून छबूबाई आली. तिनं फडक्यात बांधलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली.

"वाटंत दिवस मावळंल. रोजा सोडायला काय घालनार तोंडात?"

"वैनी, मला..."

"धरा. मनात आलं म्हनून न्हाई देत. उपाशी मानूस दारातनं धाडता येत न्हाई म्हनून देते."

तो मोटारीत बसला. कामरगावच्या उतारावर सूर्य बुडाला. शेजारच्या माणसाकडून घोटभर पाणी मागून त्यानं रोजा सोडला, भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. भाकरी चांगली भाजलेली होती, चटणीत लसूण पुरता होता. मेहताबनं आपलं बी ज्या चुलीशी नेऊन ठेवलं, त्या चुलीवरची ती भाकरी. तिनं घर बरोबर निवडलं होतं. बी कुणाच्या घरी ठेवायचं हे तिला कळत होतं. त्याला सगळं कळत होतं, मातीचं, पाण्याचं, उजेडाचं. तेवढं मात्र कळलं नव्हतं. आणि उरलेलं चिमूटभर बी, तिच्या बोटांनी टिचकून काढलेलं, एका पुडीनं वाऱ्यावर गेलं होतं. पुडीत काहीच नव्हतं, तरी त्या पुडीनं इतकं नेलं.

सकाळी मेमसाहेब हातात छत्री घेऊन बागेत आल्या. मोकळ्या कुंड्यांपाशी थांबल्या.

"माली, लोबेलिया?"

"इस साल नहीं होगा, मेमसाब. बीज नहीं रहा."

मेमसाहेबांनी मान हलवली. "लडाई," त्या म्हणाल्या. "सब चीज लडाई खा गया." गनीभाई काही म्हणायला गेला, तोवर त्या गुलाबांकडं वळल्या होत्या. काठाला पांढऱ्या फुलांचं अ‍ॅलिसम लावा, एवढं तिकडूनच सांगितलं.

"जी," तो म्हणाला.

चाळलेली माती त्यानं गोणपाटाखाली झाकून ठेवली. फरीदा नळावरून पाणी आणत होती. तिच्याशी त्याला त्या बोळक्याबद्दल दोन शब्द बोलायचे होते, पण ते संध्याकाळी बोलता आले असते. ईदेच्या आधी दर्शनी पायऱ्यांवरच्या कुंड्या रंगवून व्हायला हव्या होत्या. त्यानं डब्यात गेरू कालवला, कुंचला बुडवला, काठावर निपटला आणि पहिली कुंडी गुडघ्यांत धरून रंग द्यायला सुरुवात केली.